चार मिनिटं आधी लागलेला दिवा

सहा नंबरच्या विहिरीच्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाने कैरोच्या रेडिओवर रोजा सोडायचा नसतो. कैरोत सूर्य आमच्यापेक्षा चांगला पंधरा मिनिटं आधी मावळतो. तिकडचे लोक सूप पिऊन मोकळे होतात, तेव्हा पश्चिमेच्या वाळवंटातले आम्ही फराफ्रावाले खजुराकडे बघत बसलेले असतो. आमचा सूर्य कड्याआड लवकर जातो खरा, पण तो काही मावळलेला नसतो. खरी वेळ फक्त मोठ्या गावातल्या मशिदीचा शेख खलफ सांगणार. मोठं गाव दक्षिणेला तीन किलोमीटरवर, आणि वारा बाराही महिने उत्तरेचा. त्यामुळे त्याची अजान आमच्याकडे यायची नाही.

पूर्वी तो मिनारावर कंदील लावायचा. पुढे सरकारने वाळू अडवायला झाडं लावली, ती वाढली आणि कंदील दिसेनासा झाला. तेव्हा मी पुढे झालो. मी, उस्ता बयूमी, रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा. शेखच्या हाताशी एक बटण ठेवलं, मिनारावर काठीएवढी एरियल, आणि इकडे आमच्या पाण्याच्या टाकीवर हिरवा दिवा. शेखने अजानीला सुरुवात करताना बटण दाबलं की इकडे दिवा लागणार. मधे तार नाही, काही नाही. पहिल्या दिवशी दिवा लागला तेव्हा बायकांनी ललकारी दिली आणि मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

यंत्र मी असयूत शहरातल्या एका दुकानातून आणलं होतं. दुकानदाराने पेटीतले आठ बारीक खटके दाखवून सांगितलं होतं, "हे आपल्या मनाने खालीवर कर रे बाबा, आणि दोन्ही पेट्यांत सारखे ठेव. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या बटणानं तुझा दिवा लागेल." मी म्हणालो, आमच्या वाळवंटात दुसरं बटण आहेच कुणाकडे! खटके आले तसेच ठेवले. आळस, दुसरं काही नाही.

माझे वडील हाजी मितवल्ली यांनी नवव्या वर्षापासून एकही रोजा चुकवला नव्हता. उन्हाळ्यात विहिरी खणतानाही नाही. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. गच्चीवर कबुतरांच्या खुराड्याखाली भिंतीला टेकून ते बसायचे आणि सूर्य बुडताना कबुतरं परतली की पंखांच्या आवाजावरून एकेक ओळखायचे. दिवा त्यांना दिसत नसे.

"बाबा, दिवा लागला की मी सांगेन," मी म्हणालो.

"तुझा दिवा, तुझेच डोळे," ते हसले. "माझं फक्त तोंड. बरं आहे, म्हातारपणी मालकच झालो!"

त्या साली रमजान थंडीत आला होता. सतराव्या रोजाला दिवा लागला. मी ओरडलो, "बिस्मिल्ला!" आणि सगळी वस्ती तुटून पडली. बाबांनी अर्धा खजूर खाल्ला आणि थांबले. अम्माने त्यांच्या हातात भिजवलेल्या जर्दाळूंचा वाडगा दिला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. माझी दुसरी पोळी तोंडात होती, तेवढ्यात वारा फिरला. त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला होता, आणि त्याच्याबरोबर शेख खलफची अजान आली. पहिल्या शब्दापासून.

खाली एकच गलका झाला. चुलतभाऊ सय्यद जिन्याशी येऊन ओरडला, "काय रे इंजिनिअरसाहेब! आज सूर्यालाही तारेशिवाय मावळवलंस का?"

"दिवा बरोबर आहे!" मी वरून ओरडलो. "बटण वेळेवर दाबलं म्हाताऱ्याने, आणि अजान द्यायला विसरला. डुलकी लागली असेल!"

लोक हसले. घड्याळं सगळ्यांची वेगवेगळी, कुणाचा कुणाला मेळ नाही. उस्ता म्हणतो म्हणजे असेल. रोजा शाबूत, भरपाईची गरज नाही. सगळे परत जेवायला बसले. मला तरी तेव्हा खरं काय ठाऊक होतं? इथवर मी स्वतःला माफ करू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिया आला. कुवेतहून पैसे कमावून परतलेला, आमच्या वस्तीला लागून कोंबड्यांचा कारखाना काढलेला माणूस.

"उस्ता, माझ्या फाटकात जिन शिरलाय," तो म्हणाला. "कालच बसवलं. बटण दाबलं की उघडतं. काल घाईघाईत आलो, अजानीला चार-पाच मिनिटं होती, बटण दाबलं, आत गेलो, फाटक लावलं. आणि अजान सुरू झाली तसं ते आपोआप उघडलं! शंभर कोंबड्या बाहेर! मुसलमान जिन आहे म्हणायचा."

"फाटक कुठून आणलंस?"

"असयूतहून. तू सांगितलेल्याच दुकानातून."

मी तडक त्याच्याबरोबर फाटकापाशी गेलो. त्याच्या पेटीचे खटके बघितले. माझ्यासारखेच, दुकानातून आले तसेच. त्याने फाटक उघडलं आणि माझा दिवा लागला होता. सगळ्या वस्तीने दिवस असताना खाल्लं होतं. चुकून का होईना, सूर्य असताना खाल्लेला रोजा पुन्हा धरावा लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी त्याचे खटके बदलले, माझेही बदलले, चहा प्यायलो आणि मूग गिळून गप्प बसलो. वाटलं, ईदनंतर सांगू. ईद झाली, वाटलं आता कशाला उकरायचं? उस्ताचं नाव जायला एक दिवस पुरतो. तोवर शेख खलफचं नाव 'डुलकी शेख' पडलं होतं. बाजारात पोरं त्याच्यामागे घोरण्याचे आवाज काढायची. त्याने पुढच्या रमजानआधी अजान सोडली, पुतण्याला दिली. तेही मी बघितलं.

ईदनंतर बाबा मला अधूनमधून हाक मारायचे. "बयूमी, बस जरा. काही सांगायचंय का?" मला वाटायचं, माझ्या दुसऱ्या लग्नाच्या अफवेबद्दल विचारतायत. मी म्हणायचो, "नाही बाबा, काही नाही." ते मान हलवायचे आणि कबुतरांकडे तोंड फिरवायचे. मे महिन्यात, उन्हाची लाट आली तेव्हा ते गेले. त्यांना मातीत ठेवताना मला एकच दिसत होतं: साठ-पासष्ट वर्षं सांभाळलेल्या ओळीत एक दिवस कमी, आणि तो मी खाल्लेला.

नऊ वर्षं गेली. परवा शेख खलफ रेडिओ घेऊन दुकानात आला. पार वाकलेला. मी रेडिओ उघडला तेव्हा तो सहज बोलावं तसं म्हणाला, "बयूमी, त्या दिवशी मला खरंच डुलकी लागली होती का रे? मी रोज आठवून बघतो. बटण दाबलं आणि तोंड उघडलं, मधे काही नाही. पण तुम्ही सगळे म्हणता."

मी म्हणालो, "रेडिओ संध्याकाळी घेऊन जा, शेख." एवढंच म्हणालो. लाज वाटते सांगायला.

तिथून उठून थेट अम्माकडे गेलो. ती मोलोखियाची भाजी निवडत होती. मी सगळं ओकून टाकलं: खटके, फाटक, अतियाचा जिन. म्हणालो, "अम्मा, बाबांचा एक रोजा माझ्यामुळे राहिलाय. इमाम काय म्हणेल ते म्हणो, मी त्यांच्या नावाने धरणार."

अम्माचे हात थांबले नाहीत.

"त्यांचा रोजा राहिला नाही," ती म्हणाली. "ईदनंतर सातव्या दिवशी धरला त्यांनी. मीही धरला."

"पण त्यांना कसं कळलं?"

"कबुतरं आली नव्हती. तुझा दिवा लागला तेव्हा खुराडं रिकामं होतं. अर्धा खजूर गिळला आणि मग लक्षात आलं त्यांच्या. आणि आठवडाभरानं अतिया येऊन जिनाची गोष्ट सांगून गेला, हसत हसत. तुझे बाबा आंधळे होत आले होते, खुळे नव्हते."

"मग मला का नाही बोलले? वस्तीला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं सांगा म्हणून. तर म्हणाले, त्याची चूक आहे, त्याच्याच तोंडून येऊ दे. तो सांगेल. माझा मुलगा आहे." अम्माने पानं टोपल्यात टाकली. "किती वेळा विचारलं तुला. शेवटच्या दिवशीही मला विचारलं, बयूमी काही बोलला का?"

मी तिथेच जमिनीवर बसलो. रडलो, आणि रडून काहीच हलकं झालं नाही. नऊ वर्षं मला वाटत होतं, बाबा फसून गेले. ते फसले नव्हते. ते वाट बघत गेले.

टोपलं बाजूला सारून अम्मा म्हणाली, "ऊठ. तो दुसरा म्हातारा अजून जिवंत आहे."

मी रेडिओ काखेत घेऊन चालत मोठ्या गावात गेलो. शेख खलफ मशिदीच्या ओट्यावर उन्हाला बसला होता, बाजूला चार-पाच माणसं होती. बरंच झालं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, आवाज चढवून, कारण शेखला कमी ऐकू येतं. माणसं माझ्याकडे बघत राहिली. एकजण थुंकला. मी शेखच्या शिव्यांची वाट बघत होतो.

शेखने माझी बाही धरली आणि मला खाली ओढलं. आपला कान माझ्या तोंडाशी आणला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "म्हणजे मी झोपलो नव्हतो ना?"