महिला मंडळाची गाईड

आमच्या शलाकाने सर्जापूर रोडवरची आयटीतली चांगली नोकरी सोडली आणि ती लोकांना जंगल दाखवायला लागली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रोज वाद, रोज अबोला. शेवटी तीच म्हणाली, "आई, एकदा माझ्याबरोबर सफारीला ये. त्यानंतरही परत नोकरी धर म्हणालीस, तर धरेन. तुझी शप्पथ."

मी एकटी कशाला जाते? चामराजपेटमधलं आमचं अख्खं महिला मंडळ घेऊन गेले. या बायका कीर्तनातसुद्धा गप्प बसत नाहीत. पोरगी हात टेकेल आणि सोमवारी ऑफिस गाठेल, असा माझा डाव होता.

बनेरघट्ट्याच्या पुढे, जंगलाच्या फाटकाशी शलाकाने आम्हाला न्याहाळलं. केसांत मल्लिगेच्या फुलांचे गजरे, हातभर काचेच्या बांगड्या. जंगलात वास नको, आवाज नको. गजरे तिने गोड बोलून डब्यात ठेवायला लावले. पण बांगड्या काढा म्हणाली असती, तर आमच्या अध्यक्षीणबाई सुचेताअक्का तिथूनच माघारी फिरल्या असत्या. सवाष्णींना असं कोणी सांगतं का? शलाका त्यांच्याच अंगाखांद्यावर खेळलेली. तिने पिशवीतून जुन्या सुती साडीच्या पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीच्या बांगड्यांवर गुंडाळून दिल्या.

"पट्टी सुटली तर उखाणा घ्यावा लागेल हं, अक्का!"

बायका खिदळत गाडीत चढल्या. माझा डाव तिथेच अर्धा फसला.

एका वळणावर हत्तीण उभी होती. आम्ही भराभर मोबाईल काढले. शलाकाचं मात्र तिच्याकडे लक्षच नाही. ती उलट्या बाजूची झुडपं बघत होती.

"पिल्लू इकडे आहे," ती हळूच म्हणाली. "आपण मायलेकरांच्या मधे आलोय."

हत्तिणीने कान पसरले आणि पाऊल पुढे टाकलं.

"दयानंद अण्णा, स्वल्प हिंदे," शलाकाने ड्रायव्हरला गाडी जरा मागे घ्यायला सांगितलं. भाजी मागावी इतका आवाज शांत. गाडी सावकाश मागे सरकू लागली. एकही बांगडी वाजली नाही. मी शलाकाच्या अगदी मागे बसले होते. तिने मान न वळवता हात मागे केला आणि माझं मनगट घट्ट धरलं. तिचा तळवा घामाने चिंब होता.

झुडपातून पिल्लू धडपडत बाहेर आलं, रस्ता ओलांडून आईच्या पोटाखाली शिरलं, आणि दोघं रानात दिसेनाशी झाली. मग गाडीत जो कल्ला झाला म्हणता! "पोरीला भीती म्हणून ठाऊक नाही," सुचेताअक्का ज्याला त्याला सांगत सुटल्या, आणि पुढच्या महिन्याची सफारीही ठरवून मोकळ्या झाल्या. मी मनगटावरचा तिचा घाम पदराला पुसला.

फाटकाशी उतरल्यावर शलाका मला बाजूला घेऊन म्हणाली, "मग, आई? धरू परत नोकरी?"

"अजिबात नाही. हेच कर," मी म्हणाले. "पण इतकी भीती वाटली ना, की घरी येऊन मला सांगायचं. माझ्यापासून लपवायची नाही."