जाडी नसलेलं छप्पर

जिन्याच्या वरच्या पायरीवर माझं हेल्मेट सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळीवर आपटलं. खाली काँक्रीटच्या गाड्या घरघरत उभ्या होत्या.

उलट्या सुपासारखं हे छप्पर मी कॉम्प्युटरवर घडवलं होतं. पडद्यावर तो नुसता पापुद्रा असतो, त्याला जाडीच नसते. हा पापुद्रा म्हणजे छपराची खालची बाजू, हे माझ्या बॉसना, दिग्विजयसरांना, मी बजावून सांगितलं होतं. सरांनी घाईत साइटला कळवलं, वरची बाजू म्हणून. झालं! छपराची हातभर जाडी आता पापुद्र्याच्या खाली, जिन्यावरच्या माणसांच्या डोक्यावर उतरली होती.

"सर, आज ओतायचं नाही."

"आपण मालक कधी झालात, प्रियदर्शनी?" सर हळूच म्हणाले. "स्लॅब कोसळणार आहे का? नाही ना? मग नोकरी हवी असेल तर गप्प बसा."

हवी होतीच. मंदीचं वर्ष होतं. आयटीवाल्यांनी फ्लॅटची बुकिंगं रद्द करायचा सपाटा लावला होता. मला दुसरीकडे कुणी दारातही उभं केलं नसतं.

तेवढ्यात मालक सर्जेराव नारळ घेऊन आले. शेत आयटी पार्कला विकून उरलेल्या तुकड्यावर ते हे मंगल कार्यालय बांधत होते. पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं, शेफालीचं. याच जिन्यावरून नवरी उतरणार होती.

"काय वो ताई, तोंड का उतरलंय?"

"काही नाही," सर मध्येच म्हणाले. "फोडा नारळ."

सर्जेरावांनी हात उगारला. मी वरूनच ओरडले.

"थांबा! आधी वर या."

ते जिना चढले. फेटा फळीला घासून तिरका झाला.

"हे असंच ऱ्हाणार?"

"आज ओतलं तर असंच."

"त्यात काय एवढं," सर हसले. "जरा वाकलं की झालं."

"वाकायचं?" सर्जेरावांनी नारळ पिशवीत टाकला. "माझी पोरगी भर मांडवात मान खाली घालून उतरायची व्हय? न्या त्या गाड्या. लगीन बाजूच्या मोकळ्या रानात मांडव घालून करू."

गाड्या वळल्या. सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका," ते म्हणाले.

मी हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. फार भीती वाटत होती. पण जिना उतरताना मान मात्र ताठ होती.