इशाऱ्याची घंटी

टेबलावरच्या पितळी घंटीवर बोट ठेवलं की गहिनीनाथ सरांना ते जोडकार्ड आठवायचंच. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं सोडायचं. समोरच्यानं ते फाडून त्यावर उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. बारा वर्षांपूर्वी आलेल्या त्या कार्डाचा कोरा भाग सरांनी फाडलाही नव्हता आणि लिहिलाही नव्हता.

"सर, घड्याळ लावलं का?" शहादेव सरांनी व्यासपीठावरून हाक दिली. वादविवाद स्पर्धा त्यांच्याच अंगावर असायची. "निवृत्त झाले म्हणून सुटले असं समजू नका. घंटीला तुमच्यावाणी माणूस मिळत न्हाई. पोरांच्या हाती दिलं तर ते मोबाइलवर टाइम लावत्यात, आन् मधीच त्येंच्या मामाचा फोन येतो."

पुढच्या रांगेतली मुलं हसली. गहिनीनाथ सर मान खाली घालून घड्याळाला चावी देत राहिले.

तीस वर्षं ते या शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तकांशी जमलं, माणसांशी बेताचंच. चार माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. निरोप समारंभातही माइकपुढं जाऊन ते "आभारी आहे" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. "सरांचं भाषण घंटीच्या आत संपलं," असं शहादेव म्हणाले होते आणि सभागृह खदखदून हसलं होतं. असा माणूस दरवर्षी बोलणाऱ्यांच्या स्पर्धेत बसायचा, कारण घंटी वाजवायला बोलावं लागत नाही.

फक्त एकदा बोलावं लागायचं. स्पर्धा सुरू होण्याआधी घंटीच्या माणसानं कागदावरच्या चार ओळी माइकवरून वाचायच्या: पहिली घंटी चार मिनिटांनी, ती इशाऱ्याची, दुसरी पाच मिनिटांनी, ती थांबण्याची. बारा वर्षांपूर्वी तो कागद सरांच्या हातात होता, माइक हातभर अंतरावर होता. त्यांनी कागदाची घडी केली, घंटीखाली ठेवली आणि शहादेव सरांना मानेनंच 'सुरू करा' अशी खूण केली. सगळ्यांना माहीतच असतं, असं त्यांनी मनाला समजावलं. गावातल्या पोरांना माहीत होतंही.

त्या वर्षी टाकळवाडीची एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. नववीतली, मेंढपाळाची. विषय होता 'गृहपाठ बंद व्हावा'. चिठ्ठीत तिला प्रतिकूल बाजू आली. ती म्हणाली, "आमचं घर चार महिने चालत असतं. शाळा जागेवर राहते. आमच्यासंगं येतो तो फक्त गृहपाठ. तोही बंद केला तर आमच्याकडं शाळेचं काय राहिलं?" परीक्षकांनी पेन खाली ठेवले. ती पुढं म्हणाली, "पण गृहपाठ देणाऱ्यानं..."

आणि सरांनी पहिली घंटी वाजवली.

मुलीनं सरांकडं पाहिलं, हात जोडले, "जय हिंद" म्हणून खाली बसली.

पंधरा दिवसांनी जोडकार्ड आलं.

'आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. पहिली घंटी झाली की थांबायचे असते का? मी थांबले. माझ्यानंतरचा मुलगा थांबला नाही, त्याचा नंबर आला. मला बक्षीस नको. आमचे सर म्हणतात मी विसरले. घरी अण्णा पण तसेच म्हणतात. मी विसरले नव्हते, माझे दोन मुद्दे राहिले होते. घंटी तुम्हीच वाजवली म्हणून तुम्हाला विचारते. उत्तराच्या कार्डावर पत्ता मी लिहिला आहे. आरोही सिदू देवकते.'

उत्तर सरांनी मनात अनेकदा लिहिलं. प्रत्येक वेळी ते लांबत गेलं. त्यात त्यांचा घसा यायचा, लहानपण यायचं, त्या दिवशीची गर्दी यायची. एवढं एका कार्डावर कुठं मावणार, म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी घंटीचा नियम परिपत्रकात छापायला लावला. तोंडानं सांगायचं टाळून छापून टाकलं. परिपत्रकं शाळाशाळांच्या फायलीत जाऊन पडली.

आजचा विषय होता 'शालेय सहली बंद व्हाव्यात'. सहावी स्पर्धक उभी राहिली. अंजू, टाकळवाडी. गव्हाळ रंगाची, काटक, दोन वेण्यांची पोर. तळहातावर मुद्दे लिहून आणले होते आणि मूठ घट्ट मिटली होती. बोलली मात्र सुरेख, जराशी घाई केल्यासारखी. चौथं मिनिट भरलं, सरांनी घंटीवर बोट दाबलं.

"आणि म्हणून सहलीला न गेलेल्या मुलांना..." अंजू थांबली. हात जोडले. बसली.

"पाठांतर थोडं कमी पडलं, हरकत नाही!" शहादेव सर माइकवरून म्हणाले. "टाळ्या!"

गहिनीनाथ सरांचं बोट घंटीवरच राहिलं. मागच्या वर्षी टाकळवाडीचीच धनश्री अशीच बसली होती. त्याच्या आदल्या वर्षीही तिथलीच एक. भित्र्या असतील पोरी, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

चहाच्या सुट्टीत अंजू पाण्याच्या टाकीपाशी ओंजळीनं पाणी पीत होती. सर तिच्याजवळ गेले. 

"बाळ, थांबलीस का गं?"

"घंटी झाली की."

"अगं, ती पहिली होती. एक मिनिट होतं अजून तुझं."

ते आपली परीक्षा घेतायत असं वाटून ती हसली. "पयलीलाच बसायचं असतंय, सर. ताईनं सांगितलंय."

"कोण ताई?"

"आरोहीताई. आमची तयारी तीच घेती. तिला गावातच दिलंय ना. लई कडक हाय. म्हणती, घंटीच्या आत सगळं बसवा, एक शब्द बाहेर ठिवू नका. न्हाई तर लोकं जलमभर म्हणत्यात, इसरली." अंजूनं मूठ उघडून दाखवली. घामानं शाई पसरली होती. "माझं हे शेवटचं र्‍हायलंच बगा."

"ताई स्वतः बोलते का कुठं?"

"ताई? छ्या! ग्रामसभेतबी बोलत न्हाई. आमाला शिकवती, पण सोता उभी र्‍हात न्हाई."

सर टाकीला टेकले. एका पोरीचं एक मिनिट आपण खाल्लं, एवढंच ओझं ते बारा वर्षं वाहत आले होते. त्या मिनिटाची शिकवण झाली होती, आणि ती एका पोरीकडून दुसरीकडं चालली होती.

ते शहादेव सरांकडं गेले. "शहादेव, त्या टाकळवाडीच्या पोरीचं एक मिनिट राहिलंय. ते तिला द्या."

"आता? परीक्षकांनी गुण टाकले, सर. दर साली एखादं पोरगं बसतंयच."

"नियम वाचला नाही कुणी."

"परिपत्रकात छापलाय की. तुमीच छापायला लावलाय!"

"छापलेलं पोरांपर्यंत जात नाही."

"मग वाचा तुमी," शहादेव सर हसले आणि त्यांनी माइक पुढं केला. त्यांनी थट्टाच केली होती. गहिनीनाथ सरांनी माइक घेतला तेव्हा शहादेव सरांचाच चेहरा उतरला.

सरांनी दरवर्षी घंटीखाली तसाच घडी करून ठेवलेला तो कागद काढला. घडीवर तो फाटत आला होता. पहिला शब्द निघेना. माइक कुईं करून ओरडला, मुलं हसली. सरांनी माइक जरा लांब धरला.

"पहिली घंटी चार मिनिटांनी. ती इशाऱ्याची." आवाज चिरका निघाला. "पहिल्या घंटीला थांबायचं नसतं. त्यानंतरचं एक मिनिट बोलणाऱ्याचं असतं. दुसरी घंटी पाच मिनिटांनी. ती थांबण्याची." ओळी संपल्या होत्या. ते तरी उभेच राहिले. "हे मी दरवर्षी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जी मुलं पहिल्या घंटीला बसली, ती विसरली नव्हती."

"आज सर फॉर्मात हायत!" मागून कुणीतरी म्हणालं. सर खाली बसले.

तिसऱ्या रांगेत अंजू आपल्या तळहाताकडं बघत होती. तिचा नंबर आला नाही. तिचं मिनिट तिला मिळालं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी जुन्या शब्दकोशातून जोडकार्ड काढलं. ताक घुसळता घुसळता त्यांच्या पत्नी जानकीबाईंनी विचारलं, "हे कशाला काढलं आता? पोरीची पोरं झाली असतील. फोन लावा की."

"तिनं फोनवर विचारलं नव्हतं."

"बारा वर्षं गप होते, आन् आज घाई?"

"ती घंटी मीच वाजवली होती," सर म्हणाले. जानकीबाईंना काही उमगलं नाही. पण त्यांनी रवी थांबवली, आणि सर लिहीपर्यंत पुन्हा फिरवली नाही.

सरांनी घडीवरून कार्ड अलगद फाडलं. कोऱ्या भागाच्या एका अंगाला नववीतल्या अक्षरात पत्ता होता, पिनकोडचा एकेक आकडा चौकटीत नीट बसवलेला.

'चि. सौ. आरोही, अनेक आशीर्वाद. पहिली घंटी झाली की थांबायचे नसते. ती इशाऱ्याची असते. हे स्पर्धेआधी माइकवरून सांगणे माझे काम होते. मला भीती वाटली, म्हणून मी सांगितले नाही. तू विसरली नव्हतीस. हे कार्ड अण्णांना आणि तुझ्या विद्यार्थिनींना दाखव. "पण गृहपाठ देणाऱ्यानं" याच्या पुढचे ऐकायचे राहिले आहे. गहिनीनाथ, ग्रंथपाल.'

जागा पुरणार नाही म्हणून बारा वर्षं लिहिलं नव्हतं. लिहून झालं तेव्हा निम्मं कार्ड उरलं होतं.

पोस्टाबाहेरच्या लाल पेटीचं कुलूप गंजलं होतं. पेटी उघडतात की नाही, सरांचा भरवसा बसेना. ते आत खिडकीपाशी गेले. पोस्टातल्या माणसानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

"लई जुनं हाय, सर. पत्तापण बारक्या लेकराच्या हातचा दिसतोय. पोचंल?"

"पोचेल," सर म्हणाले. "माणूस त्याच गावात आहे."

"बघा बरं. न्हाई तर नवं घेऊन लिव्हा. पन्नास पैशाचं तर असतंय."

"नको. हेच पाठवायचंय."

माणसानं खांदे उडवले. शिक्का उचलून शाईच्या गादीवर आपटला. सर खिडकीपाशीच उभे राहिले. मग शिक्का कार्डावर आपटला. दुसरा ठोका ऐकला आणि सर वळले, पायऱ्या उतरून घराकडं चालू लागले.