मी पाहिलेली एकच शर्यत

त्या सोमवारी मला कोणी सायकलला बसवले नाही.

मित्रांनो, मी सायकलचे मागचे कॅरिअर आहे. लोखंडी सळ्यांचे, वर चाप असलेले. रंग काळा होता, आता निम्मा उडाला आहे. दर शनिवारी संध्याकाळी मला काढून ओसरीतल्या खिळ्याला टांगायचे आणि दर सोमवारी सकाळी साडेसातला परत बसवायचे, हा आमच्या घरचा नेम होता. सहा वर्षांत तो चुकला नव्हता. त्या सोमवारी साडेसात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. पाना खिडकीत होता. सायकल भिंतीला टेकलेली होती. चपलांचे आवाज येत होते, पण घरातल्या माणसांचे नव्हते. मग शेजारच्या इंदुताई आल्या. त्यांनी सायकल उचलून कोपऱ्यात सरकवली आणि येणाऱ्यांना बसायला सतरंजी अंथरली. तेव्हा मला कळले की शोभाताई गेल्या.

छातीत दुखते म्हणून आदल्या दुपारी त्या दवाखान्यात गेल्या होत्या. रिक्षात स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या. वय बेचाळीस.

माझा जन्म लुधियान्याचा. तिथल्या कारखान्यातून आम्ही शंभर भावंडे सुतळीने बांधून निघालो आणि मी यवतमाळला बाबूसिंगच्या सायकल दुकानात येऊन पडले. शोभाताईंना तेव्हा धामणगाव रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकुनाची नोकरी लागली होती. घरापासून सात किलोमीटर. पहिल्या पगारांतून त्यांनी सायकल घेतली.

"कॅरिअर कोणतं लावू ताई?" बाबूसिंगने विचारले.

"ज्यावर माणूस बसंल असं लावा."

"कोण बसते?"

"आमचे हे."

बाबूसिंग हसला. त्याला वाटले ताई थट्टा करतात. पण ते खरे होते. शोभाताईंचे यजमान चारुदत्त सरकारी कचेरीत होते आणि त्यांना सायकल येत नव्हती. शाळेत असताना शिकायला गेले, सगळ्या वर्गासमोर गटारात पडले, त्यानंतर हात लावला नाही. गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणते. रोज सकाळी भाऊ फायलींची पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही पाय एका बाजूला सोडून माझ्यावर बसत. शोभाताई त्यांना कचेरीच्या चौकात उतरवून पुढे जिनिंगला जात.

चौकातला पानवाला रामलाल रोज वाट पाहत असे. "आली गाडी! इंजिन पुढं अन् डब्बा मांगं!"

"डब्ब्याले डिझेल लागत नाही, रामलाल," भाऊ उतरता उतरता म्हणत.

हा संवाद कित्येक वर्षे रोज झाला. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

आता मी खिळ्यावर कशी गेले ते सांगते. दर रविवारी सात-आठ जण हौसेने सायकली घेऊन धामणगाव रस्त्याने लांबवर जात. त्यांत बँकेतले होते, मास्तर होते, एक कंपाउंडर होता. त्यांचे पुढारी वामनराव हे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. एका रविवारी जिनिंगला तातडीचे काम निघाले म्हणून शोभाताई त्याच रस्त्याने निघाल्या. माझ्यावर कापसाच्या नमुन्यांची भरलेली पिशवी होती. चढावर त्या या सगळ्यांना मागे टाकून पुढे गेल्या. त्यांनी मुद्दाम काही केले नव्हते. त्यांना कामाला उशीर होत होता.

परत येताना वामनरावांनी त्यांना थांबवले. "बाई, हे मागचं ओझं काढलं तर तुम्ही कुठल्या कुठं जाल."

पुढच्या शनिवारपासून माझे काढणे-बसवणे सुरू झाले. हे काम भाऊंचे. सायकल चालवता येत नसली तरी तिचा नट न् नट त्यांना पाठ होता. माझे पाय मागच्या चाकाच्या नटात अडकवलेले असतात. म्हणून मला काढायचे तर चाक सैल करावे लागते, मग चाक पुन्हा मधोमध घ्यायचे, साखळी अंगठ्याने दाबून किती ढिली आहे ते बघायचे. घाईचे काम नाही ते. भाऊ ते देवपूजेसारखे करत.

रविवारी शोभाताई गेल्या की घरी भाऊ आणि मी. ते पेपर वाचत, मग पोहे भिजवत. शोभाताई घामेजून आल्या की पोह्यांबरोबर सगळी हकिकत ऐकायला मिळे. कोण कुठे दमले, कोणाची साखळी पडली, कळंबच्या शर्यतीत त्या पुरुषांमध्ये कितव्या आल्या. मी शर्यत पाहिलेली नव्हती, पण ऐकलेल्या सगळ्या होत्या.

वामनरावांची मंडळी दर सव्वीस जानेवारीला शर्यत घेत. शोभाताईंनी तीन वर्षे मागे लागून महिलांची वेगळी शर्यत मागितली. मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "बाया दमतील, मग आपल्यालेच जीपमध्ये भरून आणा लागन."

"जीप रिकामीच येईल," शोभाताई म्हणाल्या.

शेवटी दोन हजार चार साली वामनरावांनी मान्य केले, पण अट घातली. कमीत कमी तिघी निघाल्या पाहिजेत, आणि त्या तिघी आपापल्या सायकलीसकट नऊच्या आत पोचल्या पाहिजेत. नऊनंतर रस्ता मोकळा करून द्यायचा होता. तिघी पोचल्या तर महिलांची शर्यत दरवर्षी होईल. एकही कमी पडली तर विषय बंद.

शोभाताईंनी दोघी शोधल्या. एक प्रेरणा, नर्सिंग शिकणारी, वाऱ्यासारखी सायकल मारणारी. दुसरी कोकिळा. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती आणि नवऱ्याच्या जडशीळ सायकलवर गावाहून कामाला येत असे.

"ताई, मले तं कामावर उशीर झाला का तेवढीच शर्यत माहीत हाय," ती म्हणाली.

"तेवढीच पुरते," शोभाताई म्हणाल्या.

त्या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली. मित्रांनो, इथेच चूक झाली. शनिवारी संध्याकाळी मला नेहमीप्रमाणे काढले होते. सोमवारी पहाटे भाऊ उठले, पाना हातात घेतला, डोळ्यांत झोप होती, आणि सोमवार म्हणून त्यांनी मला नीट, व्यवस्थित सायकलला बसवले. शोभाताई अंधारात घाईघाईने निघाल्या. शर्यत सुरू होण्याच्या जागी पोचल्यावर त्यांनी मागे पाहिले.

"अगं बाई! हे काय लावलं यांनी?"

बाबूसिंग तिथे पंप घेऊन उभा होता. "पाना हाय माह्याजवळ," तो म्हणाला, "पण घाईत चाक कसलं तं रस्त्यात सरकते. राहू द्या ताई. आज डब्ब्यालेही शर्यत पाहू द्या."

अशी मी माझ्या आयुष्यातली एकच शर्यत पाहिली.

बाभुळगावच्या दिशेने पंधरा किलोमीटर जायचे आणि परत फिरायचे. कापसाचा हंगाम होता. भाव पडलेले, खरेदी केंद्रावर मोजणी रखडलेली, म्हणून कापसाच्या बैलगाड्या रस्त्याच्या कडेने मैलभर उभ्या होत्या. काही तर तीन-तीन दिवस. गाडीवाले घोंगड्या पांघरून कापसावर बसले होते. त्यांना आम्ही म्हणजे करमणूक झालो.

"हान वं बाई, हान!"

"डब्बा आणला का वं संगं? थांब, भाकर खाऊन जा!"

परतीच्या वाटेवर शोभाताईंनी प्रेरणाला गाठले आणि मागे टाकले. पहिला नंबर दिसत होता. तेवढ्यात मागच्या गाड्यांवरून हाकांनी पुढे आलेला निरोप किसनराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या गाडीवरून ओरडून दिला, "बाई, तुमची थे तिसरी पंचर होऊन बसली! पैदल येऊन राह्यली!"

शोभाताईंनी ब्रेक दाबले. रस्ता पाच किलोमीटर उरला होता. कोकिळा चालत नऊपर्यंत पोचणे शक्य नव्हते. शोभाताई एक पाय जमिनीवर टेकून थांबल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. मग त्यांनी सायकल उलटी वळवली. वाटेत प्रेरणा भेटली.

"ताई, काय झालं?"

"तू जा! थांबू नको!"

कोकिळा सायकल ढकलत येत होती. शोभाताईंना पाहून ती चिडलीच. "तुमी कायले आल्या? नंबर गेला ना तुमचा!"

"बस मागं."

"अन् सायकल?"

"हँडल धर एका हातानं. चल, गप बस."

एकाच्या मागे बसून दुसरी सायकल हाताने धरून नेताना तुम्ही कोणाला तरी रस्त्यावर पाहिले असेल. तशी कोकिळा माझ्यावर बसली. पंक्चर झालेले चाक शेजारी खडखडत होते. मित्रांनो, माझ्यावर भाऊ रोज बसत, पण भाऊ शांत बसत. कोकिळा मात्र सगळ्या रस्त्याने ओरडत होती. "हटा बापू! बैल घ्या बाजूले! लेडीज गाडी येऊन राह्यली!" माझ्या सळ्या करकरत होत्या. एक पाय तुटतो की काय अशी मला भीती वाटली. पुढे किसनरावांनी गाडीवरून उतरून स्वतःचे आणि शेजाऱ्याचे बैल बाजूला ओढले होते. त्यांच्यामागे ओळीने सगळ्यांनी ओढले. आम्हाला सरळ वाट मिळाली.

शेवटच्या वळणावर कोकिळाने उडी मारली, लुगड्याचा काचा मारला आणि सायकल घेऊन पळत सुटली. प्रेरणा पहिली आली होती. कोकिळा दुसरी. शोभाताई तिसऱ्या. नऊला चार मिनिटे कमी होती.

लगेच भांडण लागले. जीपवाले गृहस्थ म्हणाले, "ती कॅरिअरवर बसून आली. बाद!"

वामनरावांनी खिशातून चष्मा काढला आणि नियमांचा कागद काढला. आठ नियम होते. त्यांनी दोनदा वाचले. "सायकलसकट रेघ ओलांडली पाहिजे. ओलांडली. कॅरिअरबद्दल इथं काही नाही."

"अहो, शर्यतीत कॅरिअर लावतं कोण?"

"तेच तर," वामनराव म्हणाले. "लावतच नाही कोणी, म्हणून नियम नाही. तिघी पोचल्या."

पुढच्या वर्षी कागदावर नववा नियम आला: कॅरिअर लावलेल्या सायकलला प्रवेश मिळणार नाही. तो माझ्यामुळे आला आहे. मी त्याचा राग धरत नाही. इतक्या कॅरिअरांत कोणासाठी नियम झाला आहे?

घरी भाऊ तोंड लपवून बसले होते. कोणीतरी आधीच येऊन सांगितले होते.

"माझ्यामुळं तुझा..."

"अहो, सोमवार होता," शोभाताई म्हणाल्या. "तुमची काय चूक? पोहे कुठायत?"

नंतरच्या वर्षी सहा बायका शर्यतीत होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी चारच. जिनिंग बंद पडले, तिथल्या बायका कामासाठी इकडेतिकडे पांगल्या. कोकिळा शाळेत खिचडी शिजवायला लागली. शोभाताई एका औषधांच्या दुकानात हिशेबाला लागल्या. दुकान घरापासून जवळ होते, तरी त्या लांबच्या रस्त्याने फेरी मारून जात. तिघींची अट कायम होती. तीन नावे आली नाहीत तर त्या वर्षी महिलांची शर्यत नाही.

मग गेल्या दिवाळीआधीचा तो सोमवार.

आता माझ्या चापाला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवलेली असते. सळ्यांत कोळ्याने जाळे केले आहे. त्याचे मला काही नाही. पण सायकल समोरच उभी आहे आणि तिचे हाल मला दिसतात. भाऊ दर रविवारी तिला पुसतात, तेल घालतात, हवा भरतात. कोणी चालवत नाही. उभ्या उभ्या तिच्या टायरांना बारीक चिरा पडू लागल्या आहेत.

डिसेंबरात कोकिळा आणि प्रेरणा अर्ज घेऊन आल्या. त्यावर दोघींची नावे होती.

"भाऊ, सायकल द्या," कोकिळा म्हणाली. "तिसरी बाई आमी पाहतो. चालवता येणाऱ्या लय हायत, सायकलच नाही कोणापाशी."

भाऊंनी सीटकडे बोट दाखवले. सीटच्या दांडीवर त्यांनी कधीतरी लाल रंगाची खूण केली होती. "ही शोभाच्या मापाची आहे. ही हलवायची नाही."

"मंग तेवढ्या मापाची बाई कुठून आणू?" कोकिळा म्हणाली. "बाया काय मापानं भेटते का, भाऊ?"

भाऊंनी चहा केला. चहात साखर दोनदा पडली होती, पण दोघींनी तो निमूट प्यायला आणि त्या गेल्या.

पुढच्या रविवारी भाऊंनी सायकल पुसली, तेल घातले, हवा भरली. पाना घेऊन सीटपाशी बसले. मग सीटचा नट सैल केला. सीट थोडी खाली गेली आणि लाल खूण दांडीबरोबर आत गेली. नट त्यांनी परत कसला नाही. इंदुताईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "जी येईल तिच्या मापानं कसू."

ही सायकल शर्यतीला गेली तर मी खिळ्यावरच राहणार, नववा नियम आहेच. तरी तिने जावे असे मला वाटते. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू पुसून ठेवणे चांगले आहे, पण सायकल पुसून टिकत नाही. ती चालवावी लागते. तुमच्या घरी आई, मावशी, आत्या, काकू, कोणी सायकल चालवणारी असेल, आणि "आता या वयात कुठं" असे म्हणत असेल, तर तिला आमच्या ओसरीवर घेऊन या. उंची कितीही असू द्या.

अर्जाची शेवटची तारीख वीस जानेवारी आहे. त्यावर कोकिळा आणि प्रेरणा अशी दोन नावे आहेत. तिसरे लिहायचे राहिले आहे.