आत्याबाईंची वेणी

नवसाबाईंनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि धाकट्या सुनेला विचारलं, "स्नेहल, तुझा तो मऊ भात हाय का गं थोडा?" गॅसपाशी उभ्या असलेल्या थोरल्या सुनेच्या, चंद्रभागेच्या, अंगाचा तिळपापड झाला.

बावीस वर्षं या सासूने तिच्या हातची भाकरी मागून मागून खाल्ली होती. पिंपळगावात कुणाच्या लग्नात जेवून आल्या तरी घरी येऊन, चंद्रा, एक भाकर टाक, म्हणायच्या. आणि ही स्नेहल नवऱ्याच्या बदलीमुळे इथे राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. आल्या दिवसापासून ती सासूला 'आई' म्हणत होती. चंद्रभागेच्या तोंडून कधी 'आत्याबाई'पलीकडे काही निघालं नव्हतं, आणि आता काढायची लाज वाटत होती.

भाकरीचं एक वेळ तिने गिळलं असतं. पण वेणीचं काय? रोज संध्याकाळी आत्याबाई पाठ करून तिच्यापुढे बसायच्या आणि ती तेल लावून त्यांचे केस विंचरायची. एरवी कामापुरतंच बोलणारी ही बाई तेवढ्या वेळात मोकळी व्हायची. माहेरचं बोलायची, लहानपणीच गेलेल्या लेकीचं बोलायची. ते बोलणं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येत नसे. महिन्यापूर्वी मात्र आत्याबाईंनी तिचा हात बाजूला सारला. राहू दे बाई, केसाला हात लावला तरी दुखतंय, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बघते तर केस सैल सोडलेले आणि त्यांत स्नेहलची गुलाबी क्लिप.

चंद्रभागेला जे कळायचं ते कळलं. दुखतं म्हणे! बावीस वर्षांत कधी दुखलं नाही ते. तिने फणी फडताळात टाकली आणि मूग गिळून बसली. नवऱ्यालाही बोलली नाही. तुमची आई माझ्याकडून वेणी घालून घेत नाही, हे काय नवऱ्याला सांगायचं?

भाताच्या त्या जेवणाला आठवडा झाला नसेल, तोच एका सकाळी नवसाबाईंना डाव्या डोळ्याने दिसेना. डोळा लाल नव्हता, दुखतही नव्हता, नुसता अंधार होता. दोघी सुनांनी त्यांना नाशिकला नेलं. स्नेहल पुढे, चंद्रभागा पिशवी घेऊन मागे. डॉक्टरबाईंनी डोळे तपासले, नवसाबाईंना रक्त द्यायला आत पाठवलं आणि या दोघींना समोर बसवलं.

"डोळ्याच्या नसेला रक्त पोचेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "या वयात कधीकधी डोक्यातल्या रक्तवाहिन्या सुजतात. तसं असेल तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. केस विंचरताना डोकं दुखतं, असं म्हणायच्या का? किंवा चावताना जबडा?"

"नाही डॉक्टर," स्नेहल म्हणाली. "तसं असतं तर आई मला बोलल्या असत्या."

मला! चंद्रभागेला आधी झाला तो आनंद, अगदी हलकट आनंद. म्हणजे हिला काहीच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी आपलं दुखणं सांगितलं ते फक्त तिला.

"हिला काय ठाऊक?" ती पुढे सरकून म्हणाली. "केस मी विंचरते त्यांचे. डोक्याला हात लावू देत नाय. भाकरबी चावत नाय, अर्ध्यात टाकून देत्या."

"कधीपासून?"

"महिना झाला."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

"मग तेव्हाच का नाही आणलंत?"

खरं उत्तर तोंडाबाहेर काढण्यासारखं नव्हतं. डॉक्टरबाई थांबल्याही नाहीत. रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता त्यांनी लगेच इंजेक्शन सुरू करायला सांगितलं. उजवा डोळा बहुतेक वाचेल, डावा काही परत येणार नाही, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवसाबाई वॉर्डात उजव्या कुशीवर पडल्या होत्या. समोर स्नेहल बसली होती. पाठीमागे, डाव्या अंगाला, चंद्रभागा स्टुलावर होती. नवसाबाईंनी स्नेहलचा हात हातात घेतला.

"तुझ्यामुळं राहिला गं हा डोळा. थोरलीला सांगितलं व्हतं मी, दुखतंय म्हणून. ती रुसून बसली."

स्नेहलचा चेहरा उतरला. तिने पलंगापलीकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. चंद्रभागेने मान हलवून नको म्हटलं. त्या हातातल्या हाताकडे बघताना तिचा जीव अजूनही जळत होता. तिने घसरलेली चादर हळूच सासूच्या पायांवर ओढली.

"सिस्टर," नवसाबाई मान न वळवता म्हणाल्या, "गार लागतंय. तेवढा पंखा बंद करा."

चंद्रभागा उठली आणि तिने पंखा बंद केला.