अंगठ्याने चालणारी गाडी

प्रबोध कर्णिकांनी होक्काइडोची सहल इतक्या निगुतीने आखली होती, की कुणाला नावं ठेवायला जागाच नव्हती. बिशानमधल्या त्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये परदेशात स्थायिक झालेली नऊ मराठी कुटुंबं जमली होती. पोरं मागच्या टेबलावर केकवर तुटून पडली होती, आणि समोर पडद्यावर बर्फाची चित्रं सरकत होती. डिसेंबरच्या सुट्टीत सगळे मिळून जाणार होते. चौथ्या दिवशी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटरसायकलसारखी गाडी.

"मोठ्यांनी स्वतः चालवायची, मुलांनी मागे बसायचं," प्रबोध म्हणाले. मग कादंबरीकडे वळून त्यांनी आवाज जरा मऊ केला. "आणि वहिनी, तुमचीही सोय केलीये बरं का. तिथे एक उबदार लाकडी खोली आहे, मोठमोठ्या काचा आहेत. मस्त हॉट चॉकलेट घेत बसा आणि आमचे फोटो काढा."

दोघीतिघींनी कौतुकाने माना हलवल्या. माणूस किती विचार करतो, असा त्यांचा भाव होता.

"मला चालवायचीय," कादंबरी म्हणाली.

खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. कुणीतरी खुर्ची सरकवली. प्रबोध हसले, पण ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. "बघू की. विचारतो मी त्यांना," म्हणून त्यांनी पुढचं चित्र लावलं.

कादंबरी एक्केचाळीस वर्षांची होती आणि एका बँकेत हिशेब तपासणाऱ्या विभागाची प्रमुख होती. नऊ वर्षांपूर्वी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली, आणि तापातून उठली तेव्हा कमरेखालचं शरीर तिचं राहिलं नव्हतं. हालचाल गेली आणि स्पर्शही गेला. पुढे ती चाकाच्या खुर्चीवरून ऑफिसला जाऊ लागली. हातांनी चालवायची मोटारही शिकली आणि त्याचं लायसन्स काढलं. लोक म्हणत, हिने सगळं परत मिळवलं. सगळं नव्हतं मिळवलं. पुण्यात कॉलेजला असताना ती भावाची मोटरसायकल घेऊन सिंहगडाच्या रस्त्याला लागायची. वारं तोंडावर घेत, वळणावर अंग झुकवत जाण्यातली मजा तिला पुन्हा कधी मिळाली नव्हती. मोटारीत चारी बाजूंनी काच असते.

म्हणून त्या रात्री घरी आल्यावर तिने स्नोमोबिल चालवायचे व्हिडिओ काढून पाहिले, आणि पाहता पाहता ती ताठ बसली. वेग उजव्या हाताच्या अंगठ्याने द्यायचा होता. ब्रेक डाव्या हातात होता. वळवायचं तेही हातांनी. पाय नुसते पाऊलपट्टीवर ठेवायचे होते.

"अंकुर, हे बघ. याला पायांनी करायचं काहीच नाही," तिने नवऱ्याला दाखवलं.

अंकुरने फोनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही. "तोल सांभाळायला पाय लागतात ना. आणि थंडी. तू पण ना, कशाला एवढा हट्ट? इरा मागे बसेल, मी चालवेन. तू बघशील की."

"बघतेच आहे नऊ वर्षं."

बारा वर्षांची इरा सोफ्यावर पालथी पडून ऐकत होती. "बट व्हाय कॅनॉट?" ती तिथल्या शाळेतल्या खास इंग्रजीत म्हणाली. "हँड ओन्ली वॉट. आई कॅन, लाह."

अंकुर उठून पाणी प्यायला गेला.

आठवडा गेला, प्रबोधचा फोन आला नाही. शेवटी तिनेच केला. "वहिनी, विचारलं मी," ते म्हणाले. "कंपनीचा नियमच आहे म्हणे. लायसन्स लागतं."

"माझ्याकडे आहे."

"हो, पण तुमच्यावर ती अट आहे ना, फक्त हातांनी चालवायच्या गाडीची."

"प्रबोध, स्नोमोबिल हातांनीच चालते."

"नाही, पण विम्याचाही प्रश्न आहेच. एकाच्या आनंदासाठी सगळ्या ग्रुपचा दिवस... तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

तिला कळत होतं. तिने विमा कंपनीला फोन लावला. बराच वेळ तेच तेच संगीत वाजत राहिलं. मग एक मुलगी आली. गोड बोलली, आधीच्या आजाराची माहिती घेतली, कुणाला तरी विचारून परत आली. "सॉरी मॅडम, धिस वन कॅनॉट कव्हर." कादंबरीने विचारलं, मी मागे बसले तर? मग चालेल. म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर बर्फात गेलं तर ती सुरक्षित, आणि स्वतःच्या हातांच्या भरवशावर गेलं तर नाही. मागे बसणाऱ्याच्या हातात तर ब्रेकही नसतो, हे तिने समजावून सांगितलं. मुलीने पुन्हा सॉरी म्हटलं. तिचा काही दोष नव्हता, आणि त्यामुळे तर कादंबरीला आणखी चिडचिड झाली. ज्याच्यावर ओरडावं असा कुणी फोनवर येतच नव्हता.

तो नियम नेमका आहे तरी काय, हे वाचावं म्हणून तिने होक्काइडोच्या त्या छोट्या कंपनीला थेट मेल केला. मालकीणबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि शनिवारी व्हिडिओ कॉल ठरला. मोरी नावाची पन्नाशीची बाई, गालांवर थंडीची लाली, इंग्रजी तुटक पण सरळ.

"अपंग माणसांसाठी तुमचा नियम काय आहे?" कादंबरीने विचारलं.

"नियम नाही," मोरीबाई म्हणाल्या. "आधी बोलतो. मग ठरवतो." आणि त्यांनी प्रश्नच सुरू केले. खुर्चीवरून दुसऱ्या सीटवर एकटी जातेस की कुणी उचलतं? पाठीला टेकू नसेल तर किती वेळ बसतेस? पायाला काही लागलं तर कळतं का? नाही? मग बर्फात पावलं कुणी तपासायची, आणि दर किती वेळाने? पाय घसरून गाडीच्या फिरत्या पट्ट्याखाली जाऊ नये म्हणून बांधावे लागतील, चालेल?

कादंबरी एकेकाचं उत्तर देत गेली. नऊ वर्षांत तिला नकार पुष्कळांनी दिले होते. प्रश्न असे कुणी विचारले नव्हते.

"आमच्याकडे एका मशीनला पाठ असलेली सीट आहे," मोरीबाई म्हणाल्या. "एका ग्राहकासाठी बनवली होती. पण त्याला वेगळा गाइड सोबत द्यावा लागतो. तुमच्या ग्रुपने तसं काही सांगितलं नाही."

"प्रबोधनी विचारलं नव्हतं तुम्हाला?"

बाईंनी दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी शोधलं. "ऑगस्टमध्ये लिहिलंय. एक बाई व्हीलचेअरवर, चालवणार नाही, खोलीत बसेल. मी विचारलं, नक्की ना? कारण खोलीला तीन पायऱ्या आहेत. ते म्हणाले, उचलून नेऊ. तिच्या नवऱ्याने सांगितलंय, ती चालवणार नाही."

कॉल संपल्यावर कादंबरीने तारखा जुळवून पाहिल्या. कंपनीचा नियम नव्हताच. आणि ऑगस्टमध्ये तर तिला अजून सहलीचा पत्ताही नव्हता.

त्या दुपारी इराचा क्लास तोआ पायोहला होता. तिला सोडून दोघं हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर जेवायला गेली. बसायच्या जागा जमिनीला ठोकलेल्या, त्यामुळे नेहमीप्रमाणे कादंबरीची खुर्ची टेबलाच्या टोकाला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत. ताट हातात घेतलेली माणसं तिला वळसा घालून जात होती. अंकुरने तिच्यासमोर नूडल्स ठेवल्या.

"प्रबोधला तू काय सांगितलं होतंस?" तिने विचारलं.

त्याने चॉपस्टिक सोडवल्या, पुन्हा एकत्र ठेवल्या. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "की तुला त्यातून वगळ."

"मला न विचारता."

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, अंकुर."

"बालीला काय झालं आठवतंय?" त्याचा आवाज एकदम वर गेला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वळून बघितलं, तसा तो खाली आला. "तापलेल्या फरशीवर पाय टेकून बसलीस. तुला कळलं नाही, मलाही नाही. हॉटेलवर मोजे काढले तर तळपायाची कातडी मोज्याबरोबर आली. पुढे महिनोन्‌महिने रोज ड्रेसिंग मी केलंय. डॉक्टर पाय काढायची भाषा करत होते. उणे पंधरात तुझी बोटं काळी पडली तर तुला कळणारही नाही. मला भीती वाटते. एवढंच आहे."

कादंबरीला ते सगळं आठवत होतं. ड्रेसिंग करताना तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा, तेही आठवत होतं. त्याची भीती खोटी नव्हती, आणि त्यामुळे तिचा राग कमीही होईना आणि सरळ बाहेरही पडेना.

"त्या बाईंनी हेच विचारलं," ती म्हणाली. "बोटं कुणी तपासायची. दर किती वेळाने. मी म्हटलं, दर पंधरा मिनिटांनी, आणि माझा नवरा तपासेल, त्याच्याइतकं नीट कुणालाच जमत नाही. तुझी भीती तू मला सांगितली असतीस तर आपण दोघांनी काहीतरी केलं असतं. तू ती प्रबोधला सांगितलीस. आणि त्याने तिचा कंपनीचा नियम केला."

नूडल्स तशाच निवल्या.

मोरीबाईंना व्हिडिओ हवा होता: ती त्या उंचीच्या सीटवर स्वतः चढते, बसते आणि झुकते कशी. कादंबरीचा मावसभाऊ सुबोध पुंगोलला राहायचा आणि त्याच्याकडे मोटरसायकल होती. रविवारी त्याच्या ब्लॉकच्या कार पार्कमध्ये त्याने ती मधल्या स्टँडवर उभी केली आणि मागून घट्ट धरली. इरा फोन घेऊन उभी राहिली. अंकुरही आला होता. बोलावलं नव्हतं तरी आला होता, आणि खांबापाशी हात बांधून उभा होता.

पहिल्यांदा तिचा अंदाज चुकला आणि ती परत खुर्चीत आदळली. अंकुर एक पाऊल पुढे आला. "थांब," ती म्हणाली. तो थांबला. दुसऱ्यांदा खुर्चीच्या कडेवर एक हात, टाकीवर एक हात, आणि सगळं अंग खांद्यांवर तोलून ती सीटवर गेली. एकेक पाय हाताने उचलून जागेवर ठेवला. हँडल धरलं. इंजिन बंद होतं, गाडी जागची हलत नव्हती, समोर कार पार्कची भिंत होती. तरीही सिंहगडाच्या वळणावर झुकायची तशी ती डावीकडे झुकली. ती उजवीकडे झुकली. पुन्हा डावीकडे. मग पुन्हा एकदा, ज्याची व्हिडिओला काही गरज नव्हती.

"आई, इनफ ऑलरेडी," इरा हसत म्हणाली.

मोरीबाईंचा होकार आला, पण त्याच्या पाठोपाठ तारीख आली. पाठ असलेली सीट आणि तो गाइड डिसेंबरच्या त्या दिवशी दुसरीकडे लागले होते. ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर राखून ठेवता आले असते. आता फेब्रुवारी. ग्रुपचा कार्यक्रम एक दिवस मागेपुढे करता येईल का, असं कादंबरीने प्रबोधना विचारलं. एक दिवस आधी सीट मोकळी होती. त्यांनी हॉटेलं, बस, नऊ कुटुंबं असं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं होतं." तिने त्यावर वाद घातला नाही. थकली होती.

संध्याकाळी ऑफिसातून येते तर अंकुर दारातच उभा. "मी प्रबोधला फोन करून सांगितलं," तो म्हणाला. "आपण तिघंही येत नाही. तुला सोडून कसं जाणार?" चेहऱ्यावर काहीतरी चांगलं केल्याचं समाधान होतं.

तिने पर्स मांडीवरून काढून टेबलावर ठेवली. "इराला विचारलंस?"

"नाही."

"मला?"

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि मैत्रिणींबरोबर बर्फात खेळायला मिळणार म्हणून महिनाभर नाचणारी इरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कादंबरी म्हणाली, "परत फोन कर. तुम्ही दोघं जाताय. मी येत नाहीये, कारण मला तीन पायऱ्या उचलून नेऊन काचेमागे बसवलेलं नकोय. आणि मोरीबाईंनाही तूच फोन कर. ऑगस्टमध्ये जे सांगितलं गेलं ते माझं म्हणणं नव्हतं, हे तुझ्या तोंडून त्यांना कळू दे."

त्याने दोन्ही फोन केले. दुसरा बाल्कनीत उभा राहून केला. बराच वेळ बोलत होता. मोजे, गरम पट्ट्या, पाऊलपट्टीची उंची असे शब्द आत ऐकू येत होते.

डिसेंबरात ते दोघं गेले आणि आले. इराने आणलेले फोटो कादंबरीने पाहिले आणि छान आहेत म्हणाली, आणि ते छान होतेही. त्या आठवड्यात तिने विमा कंपनीशी पुन्हा दोनदा भांडण केलं. शेवटी त्यांनी फेब्रुवारीच्या प्रवासाला विमा दिला. विमानतळ, हॉटेल, बस, आजारपण सगळं धरून. फक्त ती स्नोमोबिलवर असेल तेवढा अर्धा तास वगळून. तेवढा अर्धा तास जगात तिची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ते पत्र वाचून तिला हसू आलं नाही. तिने तिकिटं काढली, दोघांची. इरा शाळेमुळे सुबोधकडे राहणार होती.

रात्री जेवताना अंकुर म्हणाला, "मी तुझ्या मागे बसू, की गाइडच्या गाडीवर? की बाहेरच थांबू?"

कादंबरीने त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. "अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "उद्या त्या अर्ध्या तासासाठी विमावाल्यांना परत फोन करणार आहे. ते झालं की सांगते."