वेटिंग रूममधली झोप

अकोल्याहून निघालेली पॅसेंजर हिंगोलीला पोचली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. नवऱ्याचा, रूपसिंगचा, हात धरून जिवनबाई डब्यातून खाली उतरली आणि सगळ्यात आधी हमालाला वेळ विचारली. तांड्याकडं जाणारी साखऱ्याची सकाळची एस.टी. नऊला सुटते हे तिला ठाऊक होतं. आता पुढची एकदम चार वाजता. स्टँडवर जाऊन बसावं म्हटलं तर तिथल्या गर्दीला आणि कर्ण्याच्या आवाजाला रूपसिंग बिचकायचा. म्हणून ती त्याला घेऊन स्टेशनातल्याच वेटिंग रूममध्ये गेली.

सत्त्याण्णव सालचा कार्तिक महिना होता. खोलीत दोन लांब बाकं, एक मोडका पंखा आणि खाली गार फरशी. जिवनबाईनं भिंतीकडेला चादर अंथरली, रूपसिंगला बसवलं, आणि आपल्या ओढणीचं टोक त्याच्या मनगटाला बांधून गाठ दोनदा ओढून पाहिली.

रूपसिंग एके काळी पाच तालुक्यांच्या बाजारांत बैलांची पारख करणारा माणूस. दात न बघता नुसत्या चालीवरून बैलाचं वय सांगायचा. तीन वर्षांपासून त्याला विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वाटा गेल्या. आता त्याच्या डोक्यात एकच उरलं होतं, बैल सुटलेत आणि आणायला जायचंय. घरातलं कुणी जरा नजरेआड झालं की तो उठून चालायला लागायचा. अकोल्याच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या होत्या, पण हे काही बरं होणार नाही, जपा, एवढंही सांगितलं होतं. जिवनबाई ते ऐकून रडली नाही. तिला फक्त झोप आली होती. अकोल्याच्या दवाखान्यातल्या चार रात्री ती भिंतीला टेकून बसली होती, आणि त्याच्या आधीची दोन वर्षं तरी कुठं झोपली होती.

समोरच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई बसली होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, पायाशी शेंगांचं गाठोडं. बोलता बोलता कळलं, ती नर्मदाबाई, आखाडा बाळापूरची. वाशिमला भावाच्या पोरीचा साखरपुडा होता आणि तिची गाडी सव्वाबाराला होती. गावाकडून सकाळची जीप तेवढी मिळाली म्हणून ती लवकर येऊन बसली होती.

नर्मदाबाईनं मनगटाची गाठ पाहिली. बराच वेळ ती जिवनबाईकडंच पाहत होती. जिवनबाईची मान खाली जायची, झटका बसून वर यायची, मग हात आपोआप ओढणीवर जायचा.

शेवटी नर्मदाबाई म्हणाली, "बाई, तुमी आडव्या व्हा. मी हाय मालकापाशी."

जिवनबाई नको म्हणाली. नर्मदाबाईनं धोशा लावला नाही. आपल्या सासूची हकीकत तेवढी सांगितली. सासू अकरा महिने अंथरुणाला खिळून होती आणि सगळं नर्मदाबाईच्याच अंगावर होतं. एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि पदरानं पेट घेतला. पोरानं घागर ओतली म्हणून वाचली. तिनं दंडावरची भाजल्याची खूण दाखवली.

"तवापासून मला तोंडावरून कळतं, कोण किती दिसाचं जागं हाय," ती म्हणाली. "तुमी लई दिसाच्या हाव."

 दोन वर्षांत कुणी जिवनबाईच्या झोपेची चौकशी केली नव्हती. जो तो रूपसिंगचं विचारायचा. मग तिनं जे तांड्यावर कधी उघड बोललं नव्हतं ते या परक्या बाईला सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी ती बाजाराला गेली असताना सून मिना सासऱ्यापाशी होती. कडेवरचं लेकरू निजवता निजवता मिनालाही झोप लागली आणि रूपसिंग निघून गेला. दुसऱ्या दिवशी तीन कोसांवर नाल्याच्या काठी सापडला, चिखलानं माखलेला. मिनाला कुणी बोललं नाही. पण त्या दिवसापासून जिवनबाईनं रूपसिंगला कुणाच्या हवाली केलं नाही, सुनेच्या नाही, लेकाच्याही नाही.

"मग माझ्या हवाली तरी काहून करावं," नर्मदाबाई म्हणाली. "नका करू. गाठ तशीच असू द्या. नुसतं डोकं टेका."

जिवनबाईनं डोकं टेकलं. फरशीचा गारवा गालाला लागला तेवढं तिला आठवत होतं.

जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप दारातून आत सरकून भिंतीवर चढली होती. अंगावर कुणाची तरी शाल होती. जिवनबाईनं ओढणी ओढली. ती सरसर हातात आली. टोक मोकळं होतं, गाठ सोडलेली. शेजारी रूपसिंग नव्हता. बाकावर नर्मदाबाई नव्हती, गाठोडंही नव्हतं.

ती अनवाणी बाहेर धावली.  फलाटावर समोर दोघांपैकी कुणी दिसेना. रूळ दोन्हीकडं लांब गेले होते आणि ती कुठल्या बाजूला पळावं या विचारात तशीच थांबली. या बाईच्या शब्दावर विसंबून आपण काय करून बसलो. घरी जाऊन लेकाला, विकासला, काय सांगायचं. मिनाच्या तोंडाकडं कसं पाहायचं.

हमालानं तिला पाहिलं आणि हातानंच फलाटाच्या टोकाकडं दाखवलं. तिथं लिंबाखाली दोघं बसली होती. गाठोडं सुटलेलं होतं. रूपसिंग मांडी घालून शेंगा फोडत होता. एक शेंग अंगठ्यानं दाबायची, दाणे सुपासारख्या पसरलेल्या फडक्यात टाकायचे, टरफलं बाजूला. टरफलांचा ढीग त्याच्या गुडघ्याएवढा झाला होता. चेहरा एकाग्र होता, पूर्वी बैलाच्या खुराला नाल ठोकताना असायचा तसा.

जिवनबाई त्याच्यासमोर मटकन खाली बसली. 

नर्मदाबाई म्हणाली, तो लघवीला जायचं म्हणून गाठ ओढायला लागला, म्हणून तिनं सोडली. परत आला तर आत बसेना, बैल बैल करायला लागला. मग तिनं त्याला इथं लिंबाखाली आणून त्याच्यापुढं शेंगा टाकल्या आणि म्हटलं, मालक, एवढ्या फोडून द्या, बैलांना लागतात. तेव्हापासून तो उठला नव्हता.

जिवनबाईनं किती वाजले ते विचारलं. तीन, असं उत्तर आलं. एवढं ऐकल्यावर तिला एकदम गाडीची आठवण झाली.

"वाशिमची गाडी?"

"गेली ती. सहाची हाय अजून."

"पण साखरपुडा?"

"झाला आसंल आतापतुर," नर्मदाबाई फडकं गोळा करत म्हणाली. "भाऊ रुसल दोन दिस. तुमाला उठवायला आले व्हते मी. उठवू वाटंना."

जिवनबाईला आपण आत्ताच तिच्याबद्दल काय विचार केला ते आठवून लाज वाटली. तिनं ते सांगून टाकलं. नर्मदाबाई म्हणाली, मी तुमच्या जागी असते तर शिव्या घातल्या असत्या. मग तिनं मूठभर दाणे रूपसिंगच्या खिशात घातले आणि दोघांना रिक्षापर्यंत सोडायला आली.

त्या संध्याकाळी भाकरी खाताना जिवनबाईनं सगळं घरात सांगितलं, मधलं काही न गाळता. मिनाबद्दल आपण परक्या बाईपाशी बोललो हेसुद्धा. विकास खाली पाहत ऐकत राहिला. मिना चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी मला जन्मभर मामंजींजवळ जाऊ देनार न्हाई. म्हनून मी त्यांना सांभाळायचं मागितलं न्हाई."

"मी पन तुला सांभाळ म्हनले न्हाई," जिवनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनानं ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग ओतला आणि सासऱ्याला काडीकचरा निवडायला बसवलं. समोर ती बसली, लेकरू मांडीवर. जिवनबाई आत जाऊन आडवी झाली. झोप कसली येते. थोड्या वेळानं ती उठून दारात आली, दोघांना पाहून परत गेली. मग पुन्हा एकदा आली. मिनानं दोन्ही वेळा मान वर करून पाहिलं.

तिसऱ्यांदा ती आली नाही.